दुसऱ्या उत्तराची शंभर वर्षे

१९१२ साली पुण्यातल्या इंग्रज साहेबांच्या एका कंपूने ऑक्शन ब्रिजच्या नियमात एक छोटा बदल केला. ह्यू क्लेटन हे सनदी अधिकारी त्यात होते. तोवरची रीत अशी की, बोली जिंकणाऱ्या जोडीने बोललेल्यापेक्षा जास्त हात केले तर तेही गेमच्या हिशेबात धरले जात. बोलायचे दोन, करायचे चार आणि गुण घ्यायचे चारचे. पुण्याच्या मंडळींनी ठरवले की जेवढे बोललात तेवढेच गेमसाठी धरणार. त्यांच्या खेळाचे नाव होते ‘एस. ए. सी. सी.’. ते नाव आज कुणाला माहीत नाही. पण तोच विचार फ्रान्समध्ये ‘प्लाफों’ या खेळातही होता आणि १९२५ साली हॅरोल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाने पनामा कालव्यातून हवानाला निघालेल्या ‘फिनलंड’ बोटीवर गुणांचे नवे कोष्टक मांडून त्याला आजच्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजचे रूप दिले. त्या सफरीला २०२५ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. जगभर व्हँडरबिल्टचे नाव घेतले गेले. पुण्याचेही घ्यायला हवे होते.

या नियमाने टेबलावरच्या चौघांपैकी एकाची जबाबदारी पार बदलली. तो म्हणजे बोली उघडणाऱ्याला उत्तर देणारा भिडू. जास्तीचे हात आपोआप पदरात पडत होते तोवर त्याला फार बोलायची गरज नव्हती. स्वस्तात बोली मिळाली की झाले. नवा नियम आल्यावर, न बोललेला गेम हातचा गेला. इस्पिक किंवा बदामात चार, नो-ट्रम्पमध्ये तीन, किलवर-चौकटीत पाच अशी बोली केल्याशिवाय गेमचे शंभर गुण भरत नाहीत. ड्युप्लिकेट सामन्यात तर अर्ध्यावर थांबणाऱ्याला ५० गुणांचे बक्षीस आणि गेम बोलून करणाऱ्याला ३०० किंवा ५००. उलट, झेपणार नाही ते बोललात तर दंड. मग थांबायचे की पुढे जायचे, हे ठरवणार कोण?

पहिले उत्तर हे ठरवू शकत नाही. भिडूने ‘एक चौकट’ म्हटले आणि आपण ‘एक इस्पिक’ म्हटले, तर त्याला एवढेच कळते की आपल्याकडे निदान चार इस्पिके आहेत आणि पानांच्या ताकदीचे सहाएक गुण आहेत. गुण सोळाही असू शकतात. त्या उत्तराला वरची हद्दच नाही. मग उघडणारा पुन्हा बोलतो आणि त्यात त्याच्या पानांचा आकार, त्याची ताकद बरीचशी उघड होते. आता दोघांची बेरीज मांडता येईल असा टेबलावर एकच माणूस उरतो, आणि त्याची पाळी आलेली असते. ब्रिजमध्ये ‘रिस्पॉन्डरचा रिबिड’ म्हणतात तो हाच क्षण. आमचे मत असे की गेल्या शंभर वर्षांत बोलीचे जे शास्त्र उभे राहिले, त्याचा मोठा भाग या दुसऱ्या उत्तरासाठी उभा राहिला. रत्नागिरीत, कोकणात ब्रिज रुजवायचा असेल तर शिकवायला सुरुवातही इथूनच केली पाहिजे.

ईली कल्बर्टसनच्या काळात, १९३० च्या दशकात, उत्तर देणाऱ्याच्या नव्या रंगाच्या बोलीवर उघडणाऱ्याने पास म्हणायचे नाही ही शिस्त रुजली. आज हे साधे वाटते. पण त्यामुळेच उत्तर देणाऱ्याला दुसरी संधी हमखास मिळू लागली आणि पहिल्याच फेरीत सगळे ओकून टाकायची घाई संपली. पुढे १९४९ मध्ये चार्ल्स गोरेनने एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक ही मिल्टन वर्कची मोजणी घरोघर पोचवली. दोघांचे मिळून पंचवीस-सव्वीस झाले की गेम, असा हिशेब शाळकरी पोरालाही करता येऊ लागला. त्यातून दुसऱ्या उत्तराच्या तीन पायऱ्या पक्क्या झाल्या: सहा ते नऊ गुणांवर आवरते घ्या, दहा ते बारावर विचारणा करा, तेराच्या पुढे गेम सोडू नका. लंडनमध्ये तिशीच्या दशकात घडलेल्या ‘अकोल’ पद्धतीचा भरही शक्य तिथे बोलीला वरची हद्द असावी यावरच होता.

तरी एक अडचण राहिली होती. ती पानांवरच समजून घ्यायला हवी.

भिडू ‘एक चौकट’, आपण ‘एक इस्पिक’, भिडू ‘दोन किलवर’. प्रतिस्पर्धी गप्प. आपल्याकडे इस्पिकचे राजा, गुलाम, नव्वी, छक्की, तिर्री. बदामची सत्ती, चौकी, दुर्री. चौकटचे एक्का, अठ्ठी, पंजी. किलवरची नव्वी, चौकी. गुण आठ. नवशिका इथे ‘दोन इस्पिक’ म्हणतो, कारण त्याला आपली पाच इस्पिके दिसत असतात. पण त्या बोलीचा अर्थ सहा इस्पिके असा होतो आणि भिडूकडे कदाचित एकच असेल. कुणी पास म्हणून मोकळा होतो. तेही बरे नाही, कारण किलवर आपल्याकडे दोनच आहेत, चौकट तीन आहेत, आणि भिडूने चौकट आधी बोलली म्हणजे त्याच्याकडे बहुधा तीच लांब आहे. बरोबर उत्तर ‘दोन चौकट’. ताकद वाढलेली नाही, फक्त भिडूच्या दोन रंगांतला बरा रंग निवडला आहे. शिवाय भिडूकडे सतरा-अठरा गुण असतील तर त्याला अजून एकदा बोलायची वाट मोकळी राहते.

आता तीच बोली, पाने वेगळी. इस्पिकचे एक्का, राणी, नव्वी, छक्की, तिर्री. बदामची तीच सत्ती, चौकी, दुर्री. चौकटचे राजा, गुलाम, पंजी. किलवरचे एक्का, चौकी. गुण चौदा. भिडूकडे कमीत कमी अकरा, म्हणजे गेम आहे. पण कुठला? त्याच्याकडे तीन इस्पिके असतील तर चार इस्पिक. बदामात त्याच्याकडे अडसर असेल तर तीन नो-ट्रम्प. दोन्ही नसेल तर कदाचित पाच चौकट. आपणहून ‘तीन नो-ट्रम्प’ म्हटले आणि बदाम उघडा असला, तर समोरचे पहिल्याच उतारीला बदाम आणतील आणि ओळीने पाच हात काढून नेतील. ‘तीन चौकट’ म्हटले तर ती नुसती विचारणा, आणि भिडू पास म्हणू शकतो.

यावर इंग्लंडच्या नॉर्मन स्क्वायरने तोड काढली. जो चौथा रंग अजून कुणी बोललेला नाही तोच बोला: ‘दोन बदाम’. इथे हातात बदामचे एकही चित्र नाही, तरी बदाम बोलायचे. त्याचा अर्थ असा की मला पुढे जायचे आहे, वाट तू दाखव. भिडूने ‘दोन इस्पिक’ म्हटले तर त्याच्याकडे तीन पाने आहेत. ‘दोन नो-ट्रम्प’ म्हटले तर बदाम अडवलेला आहे. ‘तीन चौकट’ किंवा ‘तीन किलवर’ म्हटले तर ही दोन्ही नाहीत. आपल्याजवळ जे नाही त्याचेच नाव घेऊन सोबत्याकडे मदत मागायची, ही कल्पना पत्त्यांच्या खेळात कुणाला तरी सुचली याचे आम्हाला आजही कौतुक वाटते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रुजलेली ‘टू-ओव्हर-वन’ पद्धत आणि ‘न्यू मायनर’सारख्या युक्त्या याच वाटेने पुढे गेल्या. उत्तर देणाऱ्याला दुसऱ्या वेळी घाई न करता बोलता यावे, हेच त्यांचे काम.

पत्ते कोकणाला नवे नाहीत. सावंतवाडीचा गंजिफा १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचाच होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला तेव्हा तो तिकडे गेला. दशावतारी गंजिफाचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, एकूण १२० गोल पत्ते, चिताऱ्यांनी लाखेच्या रंगात रंगवलेले. दिवसा रामाचा मान, रात्री कृष्णाचा. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, निम्म्यांत एक्का. स्मरणशक्तीची एवढी कसोटी दुसऱ्या खेळात क्वचितच असेल. पण तिथे तिघे खेळतात आणि ज्याचा तो. हुकूम नाही, भिडू नाही, बोली नाही.

घरोघरचे खेळ पाहा. गणपतीत चाकरमानी आले की आरत्या झाल्यावर पडवीत चटई पडते आणि मेंढीकोट सुरू होतो. तिथे भिडू आहे, चारही दश्श्या पकडायची ईर्षा आहे, पण आधी कबूल काहीच करायचे नसते. तीन-दोन-पाचमध्ये किती हात करायचे हे ठरलेले असते, पण ते पाळीने ठरते. खेळणाऱ्याने आपली पाने पाहून दिलेला शब्द तो नव्हे. जजमेंटमध्ये प्रत्येक जण आपले हात आधी सांगतो आणि नेमके तेवढेच करून दाखवतो. मात्र तिथे सोबती नाही. भिडू आणि शब्द या दोन्ही गोष्टी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, फक्त वेगवेगळ्या डावांत विखुरलेल्या. ब्रिजमध्ये त्या एकत्र येतात आणि दुसऱ्या उत्तराच्या वेळी एकाच माणसाच्या खांद्यावर येऊन पडतात. रत्नागिरीच्या मुलाला ब्रिज परका वाटावा असे त्यात काही नाही. हुकूम, उतारी, हात मारणे, रंग संपवणे हे सगळे त्याला आधीच येते. येत नाही ती फक्त बोली.

आणि खुणा सोडाव्या लागतील. मेंढीकोटात भुवई उडवून भिडूला हुकूम सांगणे चालते, त्यात मजाही मानतात. ब्रिजमध्ये भिडूशी बोलायचे ते ३८ शब्दांत: पस्तीस बोल्या, पास, डबल आणि रीडबल. आवाजाचा चढउतारही चालत नाही. दुसऱ्या उत्तराच्या वेळी माणूस विचारात पडतो आणि त्याच्या थांबण्यातूनच भिडूला काहीतरी कळते, ही या खेळाची जुनी दुखरी जागा आहे. म्हणून १९६२ मध्ये स्वीडनमध्ये बोलीच्या छापील पत्त्यांची पेटी आली. १९६५ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत बोटांच्या खुणांचा आरोप झाल्यावर पडद्यांची चर्चा सुरू झाली आणि १९७५ च्या बर्म्युडा बाउलपासून भिडूंच्या मध्ये पडदा आला. मुलांना जे शिकवायचे त्यात आम्ही ही गोष्ट सर्वांत वर ठेवू. ठरलेल्या शब्दांत, सर्वांना ऐकू जाईल असे, आणि तेवढ्यातच नेमके बोलायचे.

घरची मोठी माणसे पत्त्यांना जुगार म्हणून हिणवतात. त्यांची काळजी समजते. पैसे लावून बरबाद झालेली घरे त्यांनी पाहिलेली असतात. पण १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याच्या तेराव्या कलमाने निव्वळ कौशल्याचे खेळ त्या कायद्याबाहेर ठेवले आहेत. १९६७ मध्ये रमीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवताना दाखला दिला तो ब्रिजचाच. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिज प्रथमच आला तेव्हा कोलकात्याच्या साठ वर्षांच्या प्रणब बर्धन आणि छप्पन्न वर्षांच्या शिबनाथ सरकार या जोडीने सुवर्णपदक आणले. मिश्र संघाच्या कांस्यपदकात मुंबईच्या हेमा देवरा होत्या. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत पुरुष संघाने रौप्य मिळवले. साठीच्या माणसाला देशासाठी सुवर्णपदक आणता येते असे खेळ किती आहेत? निवृत्त होऊन मुंबईहून रत्नागिरीला परतलेल्यांची संख्या लक्षात घेतली तर हा प्रश्न आपल्यासाठी नुसता बोलण्यापुरता राहत नाही.

कॅरममध्ये या गावाने राष्ट्रीय पातळीवर नाव काढले आहे. एका फळीभोवती तासन्‌तास बसून अचूकपणा कमावण्याची सवय इथे आहे. गोगटे-जोगळेकर महाविद्यालयासारखी १९४५ पासूनची संस्था आणि १८२८ पासूनचे जिल्हा नगर वाचनालय आहे. संध्याकाळी चार टेबले मांडायला यापेक्षा जास्त जागा लागत नाही. साहित्य म्हणजे पत्त्यांचे काही जोड आणि एक फळा.

शिकवण्याची पद्धत मात्र बदलावी लागेल. आजवर ब्रिज शिकवला गेला तो नावांची यादी पाठ करून घेत: स्टेमन, ब्लॅकवूड, ट्रान्सफर. नवशिका तीन आठवडे पाठांतर करतो आणि पहिल्या खऱ्या डावात चौकट की किलवर या प्रश्नावर अडतो. त्याऐवजी पहिल्या बैठकीत पहिल्या तीन बोल्या फळ्यावर लिहून द्याव्यात. एक चौकट, एक इस्पिक, दोन किलवर. मग उत्तर देणाऱ्याच्या पानांचे निरनिराळे संच वाटावेत आणि प्रत्येकाने आपले दुसरे उत्तर कागदावर लिहावे, कारणासह. सहा इस्पिके आणि सात गुण असतील तर ‘दोन इस्पिक’. तीच सहा, पण अकरा गुण, तर ‘तीन इस्पिक’. बदामात राजा-गुलाम आणि अकरा गुण, तर ‘दोन नो-ट्रम्प’. किलवर चार, चौकट एक आणि सहा गुण, तर पास, आणि तो पासही शहाणपणाचा. त्यानंतर चौदा गुणांचा तो संच द्यावा, ज्यात बदामची फक्त सत्ती, चौकी, दुर्री आहे, आणि वर्गाला हवा तेवढा वेळ द्यावा. ‘दोन बदाम’ हे उत्तर शिक्षकाने सांगायचे नाही. दुसरी कुठलीच बोली चालत नाही हे एकेक करून खोडले गेले की कुणीतरी ते स्वतःहून उच्चारतोच.