दहीकाला बघूनच घरी जा!

कार्तिक लागला की आपल्या सिंधुदुर्गात गावोगावी देवळांच्या जत्रा सुरू होतात. जत्रा म्हटली की रात्री दशावतार आलाच. आपण त्याला ‘धयकालो’ म्हणतो. पण गंमत बघा, ज्यावरून हे नाव पडले तो दहीकाला होतो पहाटे, आणि तेव्हा देवळासमोर माणसे उरतात थोडीच!

संकासुराच्या गमती झाल्या, खाजे घेऊन झाले, की पुष्कळ मंडळी घरची वाट धरतात. माझ्या मते हे बरे नव्हे. या नटांजवळ लिहिलेले नाटक नसते. राजा, राक्षस, ऋषी आपापली भाषणे तिथल्या तिथे रचून बोलतात. लुगडे नेसून राणी होणारा बहुधा पुरुषच असतो. मृदंग, पेटी आणि झांजेच्या तालावर ते युद्धसुद्धा नाचून दाखवतात. रात्रभर नाचलेला माणूस पहाटेही तितक्याच जोराने पाय टाकतो. त्याच्यासमोर रिकामी जागा असावी काय?

कोणी म्हणतील, ‘पोरांचा अभ्यास बुडतो.’ अहो, पण रामायण-महाभारतातली एक अख्खी गोष्ट पोर तिथे एका रात्रीत शिकते! आणि गावची जत्रा वर्षातून एकदाच येते. त्या दिवशी संध्याकाळी लवकर जेवून थोडे झोपावे, मग जावे. हंडी फुटली, काल्याचा प्रसाद हातावर पडला, की मगच घरी यावे. बघणारेच उठून गेले, तर खेळणारे कोणासाठी खेळतील?