न दिसणारा धूर

गेल्या पौषांत एका सकाळीं आमचा धाकटा नातू गच्चीवरून धांवत आला आणि म्हणाला, "आजोबा, समोरची टेकडी कोठें गेली?" टेकडी जागच्या जागींच होती, तिच्यावर धुरकें पसरलें होतें. आमचे चिरंजीव म्हणाले, "कोणी पालापाचोळा पेटविला असेल. आपल्या मोटारीला तर धूर येत नाहीं." हें शेवटचें वाक्य आम्हांस खटकलें, कारण त्या मुलाला दर हिवाळ्यांत खोकला धरतो.

हवेंतील कांहीं सूक्ष्म कण, जसे धूळ, काजळी किंवा समुद्राचें मीठ, कणरूपानेंच हवेंत शिरतात. दुसरे कण मात्र हवेंतच जन्मतात. दगडी कोळसा जळला म्हणजे त्यांतील गंधकापासून सल्फर डायऑक्साइड वायु होतो. तो दिसत नाहीं. सूर्यप्रकाशांत किंवा धुक्याच्या थेंबांत त्याचें गंधकाम्ल बनतें. त्या अम्लाची वाफ वायुरूपांत फारशी टिकत नाहीं. पाण्याशीं आणि शेणखतांतून उठणाऱ्या अमोनियाशीं तिचा संयोग होऊन कण तयार होतात. इंजिनाच्या उष्णतेंत नायट्रोजनचे ऑक्साइड होतात, तेही पुढें अशाच रीतीनें कणरूप घेतात. हे कण बहुधा अडीच मायक्रॉनहून लहान असतात. आपला केस याच्या सुमारें तीसपट जाड. म्हणूनच ते फुप्फुसांत खोलवर पोंचतात.

१९५२ च्या डिसेंबरांत लंडन शहर ५ ते ९ तारखेपर्यंत अशाच धुरक्यांत बुडालें होतें. घरोघरच्या कोळशाचा गंधक धुक्यांत अम्ल होऊन साठला. प्रथम सुमारें ४,००० मृत्यूंचा अंदाज झाला. पुढील संशोधकांनीं तो १२,००० पर्यंत नेला. १९५६ सालीं तेथें स्वच्छ हवेचा कायदा झाला.

निसर्गही हेंच करतो. वृक्षांच्या सुगंधी वाफांचा ओझोनशीं संयोग होऊन कण बनतात. ऑस्ट्रेलियांतील ब्लू मौंटन्सवरची निळसर झांक निलगिरीच्या रानांमुळें आहे, असें मानतात. अशा कणांभोंवतींच मेघांचे थेंब धरतात. कालिदासानें मेघदूतांत मेघाचे घटक सांगतांना पाण्याच्या आधीं धुराचें नांव घेतलें आहे, तें आम्हांस या ठिकाणीं आठवतें. तेव्हां कण हा स्वतः शत्रु नव्हे. दाट वस्तींत, वारा पडलेला असतांना, आपण त्यांत किती भर घालतों हा प्रश्न आहे.

हें सारें आम्हीं चिरंजीवांस सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत. शाळा घरापासून अर्ध्या मैलावर आहे आणि मोटार रोज तेवढ्यासाठींच निघत असे. दुसऱ्या दिवसापासून नातवाला पोंचविण्याचें काम आम्ही पायीं करतों. गुडघे कुरकुरतात, पण वाटेंत त्याचे प्रश्न संपत नाहींत. एका मोटारीनें टेकडी दिसूं लागणार नाहीं, हें आम्ही जाणतों. वाचकांनीं आपापल्या घरीं असे अर्ध्या मैलाचे किती फेरे होतात, तेवढे एकदां मोजावे.