चिकट डॅशबोर्ड आणि सात वर्षांचा कायदा

गेल्या मे महिन्यात डॅशबोर्डवरचा गणपती पुसायला उचलला, तर तो उचलेना. जोर लावून काढला तेव्हा त्याच्या बैठकीचा ठसा डॅशबोर्डवर उमटलेला आणि खाली गुळाच्या पाकासारखं काहीतरी चिकट. शेजारी पार्किंगची पावती चिकटलेली, तीही निघेना. म्हटलं कोणीतरी सरबत सांडलं असेल. पुसलं, तर बोटाला काळं लागलं. मग लक्षात आलं, सांडलं काही नाहीये. डॅशबोर्डच वितळायला लागलाय.

गाडी मोठ्या नावाची, जुनी घेतलेली, वय अकरा वर्षं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. सर्व्हिस सेंटरमधला माणूस शांतपणे म्हणाला, "सर, पूर्ण डॅशबोर्ड बदलावा लागेल. एक लाख ऐंशी हजार, मजुरी वेगळी. पार्ट बाहेरून मागवावा लागेल, दोन-तीन महिने धरा." मी विचारलं, हा दोष नाही का? उत्तर आलं, "सर, गाडीचं वय झालंय ना."

वय झालं की इंजिन थकतं, सस्पेन्शन कुरकुरतं, ते मान्य. पण ज्याला कोणी हातही लावत नाही, तो डॅशबोर्ड कशानं म्हातारा होतो?

थोडं वाचलं. डॅशबोर्डवरची ती मऊ साय असते पॉलियुरेथेनची किंवा पीव्हीसीची. पॉलियुरेथेनच्या काही प्रकारांत उष्णता आणि दमटपणा एकत्र आला की पाणी त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत जातं. पीव्हीसीला मऊ ठेवण्यासाठी घातलेलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं पृष्ठभागावर येत राहतं. म्हणजे खराबी वरून आलेली नाही, आतून आलेली आहे. म्हणूनच पुसून ती जात नाही.

आणि हे कंपन्यांना माहीत नाही असं कोणी सांगू नये. गाड्यांचं प्लास्टिक, रंग, रबर तपासायला उन्हात ठेवण्याच्या जगप्रसिद्ध जागा दोन: कोरड्या उन्हासाठी ॲरिझोना आणि दमट उन्हासाठी फ्लोरिडा. एवढं करूनही अमेरिकेत चिकट डॅशबोर्डच्या ढिगानं तक्रारी आल्या. निसानवर फ्लोरिडात खटला झाला. टोयोटा आणि लेक्सस यांनी काही मॉडेलांसाठी वॉरंटी वाढवून डॅशबोर्ड बदलून दिले. तिथल्या ग्राहकांनी आरडाओरडा केला, म्हणून दिले. आमच्या मुंबई-कोकणाची हवा फ्लोरिडापेक्षा कोरडी आहे का हो?

आता कोणी म्हणेल, बडा घर पोकळ वासा, घ्यायची कशाला असली गाडी? हौस तुमची, रडगाणं आम्ही का ऐकायचं? मान्य, हौस माझीच होती. पण दोन गोष्टी बघा.

एक, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. चिकट झालेला डॅशबोर्ड आरशासारखा चमकतो आणि त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेवर पडतं. संध्याकाळी सूर्य समोर असताना घाट उतरत होतो. वळणावरचा दुचाकीवाला मला शेवटच्या क्षणी दिसला. ब्रेक लागला, काही झालं नाही. पण त्या दिवसापासून हा विषय माझ्यासाठी शोभेचा राहिलेला नाही.

दोन, आज आपल्याकडे नव्या गाड्यांपेक्षा जुन्या गाड्या जास्त विकल्या जातात. त्या घेणारा श्रीमंत नसतो, तो हप्ते फेडणारा मध्यमवर्गीय असतो. वस्तू दहा वर्षांनी कशी वागते, हा त्याचा रोजचा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 110अ आलं. चालक, प्रवासी किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका होईल असा दोष असेल, तर सरकार गाड्या परत बोलावायला लावू शकतं. नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू. पण मेख अशी, की ते सात वर्षांपर्यंतच्याच गाड्यांना लागू आहेत. आणि डॅशबोर्डचा हा आजार दिसतोच मुळी सात-आठ वर्षांनंतर! रोग आठव्या वर्षी आणि औषध सातव्या वर्षापर्यंत.

सुट्या भागांची कथा तर जुनीच. 2014 मध्ये स्पर्धा आयोगानं 14 कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता, सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. 2022 मध्ये केंद्रानं 'दुरुस्तीचा हक्क' पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. चांगलं आहे. पण पोर्टलनं माझा पार्ट स्वस्त झाला नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. सामग्रीतल्या, उशिरा दिसणाऱ्या दोषांना सात वर्षांची अट नको. सुटे भाग किती वर्षं आणि कोणत्या किमतीला मिळतील, हे कंपनीनं गाडी विकतानाच लिहून द्यावं. आणि इथं गाडी विकायची, तर इथल्या किनारपट्टीच्या हवेत सामग्री तपासून तो अहवाल जाहीर करावा.

तोवर ज्यांच्या नशिबी हे आलंय त्यांनी पेट्रोल, थिनर लावू नका, साय आणखी सुटते. चमकवणारं पॉलिश तर मुळीच नको. सौम्य साबणाचं पाणी आणि ओलसर फडकं, एवढंच, तेही तात्पुरतं. वरून रेक्झिन चढवून देणारे भेटतील, पण प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग डॅशबोर्डची ठरावीक रेघ फाडूनच बाहेर येते. ती रेघ झाकली गेली, तर चमक जाईल आणि जीवही जाईल. सावलीत गाडी लावा, काचेला पडदा लावा आणि जुनी गाडी घेताना इंजिनाआधी डॅशबोर्डवर बोट फिरवून बघा.

आणि तक्रार नोंदवा. परिवहन मंत्रालयाकडे नोंदवा, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंदवा. एकट्याची तक्रार कुरकूर ठरते, कायदाही तक्रारींची संख्या मोजतो. गाडी सात वर्षांच्या आतली असेल तर आजच करा.

माझी अकरा वर्षांची आहे. मीही केलीय. नाकारतील, माहीत आहे. पण नाकारल्याची नोंद तरी राहील.

गणपती आता घरी देव्हाऱ्यात आहे. ठसा अजून तिथेच आहे.