बॅटमन कोणाचा?

सन १९८८ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेत एका काल्पनिक मुलाच्या प्राणाविषयी मतदान झाले. बॅटमन या चित्रकथेतील वीराचा किशोरवयीन सोबती म्हणजे रॉबिन. ते नाव धारण करणारा दुसरा मुलगा जेसन टॉड याला जोकर नावाच्या दुष्टाने निर्दयपणे मारून स्फोटाच्या तोंडी दिले. आणि तो वाचावा की मरावा, हे वाचकांनी दूरध्वनीवरून कळवावे, असे प्रकाशकांनी छापले. प्रत्येक मतास पन्नास सेंट पडत. ५,२७१ मते त्याच्या जगण्याच्या बाजूने पडली आणि ५,३४३ मरणाच्या. अवघ्या बहात्तर मतांनी रॉबिन मेला! तो वाचल्यास छापावयाचे चित्रही तयार होते. ते त्या वेळी छापले गेले नाही.

रॉबिन १९४० साली कथेत आला, तो बालवाचकांना वीराच्या शेजारी आपणच उभे आहोत असे वाटावे म्हणून. त्या काळी अशी पुस्तके वृत्तपत्रांच्या दुकानी दहा सेंटांना मिळत. पुढे त्यांची विक्री खास दुकानांतून होऊ लागली, तेथील गिऱ्हाईक वयाने वाढत गेले, आणि लेखणी त्याच्या मागोमाग चालली. १९८६ साली फ्रँक मिलर यांनी पंचावन्न वर्षांचा, कडवट झालेला बॅटमन रंगविला. २०१३ च्या चित्रपटात तर सुपरमननेही शत्रूची मान मोडली.

जग निष्ठुर आहे, मग लहानपणीच्या मित्राने आपल्याबरोबर मोठे होऊ नये काय, असे थोर चाहते विचारतात. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. बॅटमनची कथा मुळातच सुखाची नव्हे. बालकाच्या डोळ्यांदेखत त्याचे आईबाप मारले जातात, येथून तिचा आरंभ. १९३९ च्या पहिल्या गोष्टींत तर तो शत्रूचा जीवही घेई.

परंतु दुःख निराळे आणि क्रौर्य निराळे. तो पोरका मुलगा दुर्जनांशी जन्मभर झुंजण्याचा निश्चय करतो, म्हणून त्याचे दुःख बालकालाही पेलते. बालकाच्या मृत्यूवर कौल मागण्यात कसला आला निश्चय? तो केवळ तमाशा होय.

मुलांसाठी लिहूनही खोल जाता येते, हे १९९२ साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणीवरील बॅटमनच्या चित्रमालिकेने दाखविले. तिच्यातील फ्रीझ हा शास्त्रज्ञ आजारी पत्नीला वाचविण्यासाठी गोठवून ठेवतो. निष्ठुर मालक त्याचा प्रयोग उधळतो, आणि तो सूडाने पेटतो. रक्ताचा सडा न घालता, दुष्टालाही दुःख असते हे ती गोष्ट सांगते. तिच्या लेखनाला एमी पारितोषिक मिळाले, आणि थोरांनीही ती मालिका आवडीने पाहिली.

थोरांसाठी भीषण कथा नसाव्यात असे नाही. २०१९ चा 'जोकर' हा चित्रपट अमेरिकेत सतरा वर्षांखालील मुलांना पालकांवाचून पाहता येत नसे. तेथे कोणाची फसवणूक नव्हती. पण बॅटमनचा मुखवटा खेळण्यांच्या दुकानात सहा वर्षांच्या मुलाला विकावयाचा, आणि त्याच नावाचे पुस्तक मात्र आईने त्याच्या हातून काढून घ्यावे असे लिहावयाचे, हा व्यवहार सरळ नव्हे. थोरांना नवे नायक घडविता येतात. बालकांना ती सोय नाही.

२००५ साली जेसन टॉड कथेत परत आला, तो हाती पिस्तूल घेऊन, सूडासाठी. ज्यांनी पन्नास सेंट खर्चून त्याचे प्राण मागितले होते, त्यांचा रॉबिन तो खचित नव्हे.