साडेचार मिनिटांचे मौन

आपल्या खानदेशाला लागून असलेल्या गुजरातेत, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, 1969 साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर आले. त्यांनी उभारलेल्या इलेक्ट्रॉनिक स्टुडिओत गीता साराभाईंसारखी मंडळी यंत्रातून निघणाऱ्या नादांतून नव्या रचना करू लागली.

याच ट्यूडरांनी 1952 मध्ये जॉन केज यांची 4 मिनिटे 33 सेकंदांची रचना प्रथम सादर केली होती. ते पियानोसमोर बसले; एकही स्वर वाजवला नाही. त्या अवधीत कानी पडलेला वारा, पाऊस, श्रोत्यांची कुजबुज हीच रचना! (थट्टा वाटते खरी, तेव्हाही पुष्कळांना वाटली.)

ही रचना आपण घरी करून पाहावी. जळगावात असा वा धुळ्यात, सकाळी दूरचित्रवाणी बंद ठेवून वडीलधाऱ्यांजवळ तेवढा वेळ स्वस्थ बसावे. मग ऐकलेले आवाज एकमेकांस सांगावेत. कळण्याची भाकरी थापल्याचा आवाज, दूरच्या मालगाडीची धडधड त्यांना ऐकू आली, पण चिमण्यांची चिवचिव नाही, असे घडले तर तिकडे लक्ष द्यावे. वार्धक्यात उंच पट्टीचे नाद आधी हरपतात. ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजनेही निसटतात. आवाज येतो, शब्द उमगत नाही. आपण त्यास हेकटपणा समजून ओरडतो, आणि ते हळूहळू बोलणेच सोडतात.

समोर बसून सावकाश बोलावे. कानात मळ साचला आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून श्रवणचाचणी करून घ्यावी. एका कानाचे ऐकणे अचानक गेले, तर मात्र त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे.