आजारपणाचा हिशेब शिकायचा आहे?

घरातलं कुणी अचानक आजारी पडलं, की इस्पितळाच्या कॅश काउंटरसमोर उभं राहून आपण सगळेच एक हिशेब करतो. आगाऊ रक्कम किती भरायची? मुदतठेव मोडायची, की बांगड्या गहाण टाकायच्या? हाच हिशेब घराऐवजी साऱ्या देशासाठी मांडायचा, तर त्याचं स्वतंत्र शास्त्र आहे. त्याचं नाव आरोग्य अर्थशास्त्र.

मुलीने किंवा मुलाने ‘मला यात एम.ए. किंवा एम.एस्सी. करायचंय’ असं सांगितलं, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे नक्की काय करणार?’ आणि दुसरा त्याहून टोचरा असतो : ‘माणसाच्या जिवाची किंमत करणार का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊ. समजा, एका जिल्ह्याकडे एक कोटी रुपये आहेत. एका उपचारावर ते खर्च केले, तर सर्व रुग्णांना मिळून निरोगी आयुष्याची ५० वर्षं लाभतात. दुसऱ्यावर खर्च केले, तर २०० वर्षं. आकडे काल्पनिक आहेत, पण पेच खरा आहे. पैसा तेवढाच असल्याने एकाला हो म्हटलं, की दुसऱ्या कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं. हिशेब मांडला नाही म्हणून ही निवड टळत नाही. ती गुपचूप होते आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने होते. हिशेब कागदावर असला, तर निदान त्यावर प्रश्न तरी विचारता येतो. अर्थात आकडा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. गरिबांचं काय, दुर्मीळ आजाराच्या रुग्णाचं काय, हेही याच वर्गात शिकावं लागतं.

या विषयाचा पाया म्हणून १९६३ सालच्या एका लेखाकडे बोट दाखवलं जातं. लेखक होते अमेरिकन अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो. त्यांना १९७२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं साध्या भाषेत असं : भाजी घेताना आपण चार गाड्यांवर भाव विचारतो, पण औषधोपचारात ते जमत नाही. आजार कधी येईल ठाऊक नसतं आणि काय हवं हे आपल्यापेक्षा डॉक्टरांना अधिक कळतं. म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात या विषयाची एम.एस्सी. १९७० च्या दशकापासून शिकवली जाते.

आता पहिला प्रश्न : हे शिकून करायचं काय? आपल्याकडचंच उदाहरण घ्या. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. त्यात पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत इस्पितळातल्या उपचारांचं संरक्षण आहे. पण एका शस्त्रक्रियेमागे इस्पितळाला किती पैसे द्यायचे? दर कमी ठेवला, तर इस्पितळं रुग्ण टाळतील. जास्त ठेवला, तर तिजोरी आटेल. तो दर ठरवण्याआधी खरा खर्च मोजणारी माणसं लागतात. चंडीगडच्या पीजीआय संस्थेने अशा मोजणीत पुढाकार घेतला आहे. नवी लस, यंत्र किंवा औषध सरकारने घ्यावं का, हे तपासण्यासाठी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये खास यंत्रणाही उभारली. विमा कंपन्या, औषध कंपन्या, संशोधन संस्था यांनाही अशी माणसं हवी असतात.

भारतात या शिक्षणाच्या मुख्य वाटा दोन. पहिली, अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी घ्यायची आणि प्रबंध आरोग्यावर लिहायचा. पुण्याची गोखले संस्था अर्थशास्त्रासाठी नावाजलेली आहेच. दुसरी, सार्वजनिक आरोग्याची एम.पी.एच. ही पदवी. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत ती मिळते. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर यांना ही दुसरी वाट सोयीची.

प्रवेशाआधी तीन गोष्टी पाहा. संख्याशास्त्राची भीती असेल, तर आधी ती घालवा, कारण निम्मा अभ्यास आकड्यांचाच असतो. अभ्यासक्रमात आरोग्य अर्थशास्त्राला एखादाच पेपर आहे की भरीव जागा आहे, ते नीट विचारा. परदेशी जायचं असेल, तर शिष्यवृत्तीचा प्रयत्न आधी करा, कर्जाचा विचार नंतर. दुसऱ्यांच्या खर्चाचा अभ्यास करताना आपलं घर कर्जात बुडायला नको!

पालकांनाही एक सांगावंसं वाटतं. सरकारी हिशेबानुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के पैसा लोकांच्या थेट खिशातून गेला. २०२१-२२ मध्ये हा वाटा ३९.४ टक्क्यांवर आला. तरीही शंभरातले जवळपास चाळीस रुपये घरच्या डब्यातूनच जातात. हा आकडा आणखी खाली कसा आणायचा, यावर डोकं लावायला तुमची मुलगी तयार असेल, तर ‘जिवाची किंमत करतेस का?’ असं तिला विचारू नका. कॅश काउंटरसमोरची ती रात्र आठवा आणि अर्जाच्या फीचे पैसे तिच्या हातावर ठेवा.