प्रवासाचा शीण की गुठळी?

उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मुलांकडे निघालेले आई-वडील लोणची-पापड वजन करून भरतात. पायांचा विचार कोणी करत नाही. वाटेत विमान बदलून मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचेपर्यंत जवळपास पूर्ण दिवस जातो, तोही बहुतेक गुडघे मुडपून. शेजाऱ्याला सारखे उठवायला नको, म्हणून पाणीही कमीच प्यायले जाते.

चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तासन् तास बसून राहिल्यास रक्त साकळून पायाच्या खोल शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालानुसार ४ तासांहून लांबच्या प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसात तरीही तो ६ हजारांत एक इतकाच. पण लठ्ठपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पूर्वीची गुठळी असेल तर तो वाढतो. अशांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे, मनाने ॲस्पिरिन घेऊ नये.

विमानात कडेची, उठता येईल अशी जागा घ्यावी. विमान बदलताना मिळालेले तास खुर्चीत न घालवता चालावे.

धोका मात्र उतरल्यावरही सुमारे ४ आठवडे राहतो. एकच पोटरी सुजली, दुखू लागली तर घरोघरी तेल चोळले जाते. ‘इथले डॉक्टर महाग, मुलांना कशाला त्रास’ म्हणून दुखणे लपवलेही जाते. अशा वेळी चोळणे टाळून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि प्रवासाची तारीख आवर्जून सांगावी. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट ९११.